मेरुरज्जूची इजा आणि चेतातंतूंची खुंटलेली वाढ

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूला जबर इजा झाली की तुटलेले चेतातंतू पुन्हा वाढून आपल्या ठिकाणी पोहोचत नाहीत. त्यामुळे इजेखालच्या भागाची हालचाल आणि संवेदना बहुधा कायमची जाते. हातापायांतल्या चेतांचे, म्हणजे अशा तंतूंच्या जुडग्यांचे, तसे नसते. मनगटापाशी कापलेली चेता शिवली, तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात.

तुटलेला तंतू मेरुरज्जूतही वाढू पाहतो, पण लवकरच थांबतो, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. मात्र दोष तंतूचा की परिसराचा, याचा निर्णायक पुरावा १९८१ मध्ये कॅनडात मिळाला. सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातील चेतेचा तुकडा मेरुरज्जूला बाहेरून पुलासारखा जोडला. एरवी खुंटणारे तंतू त्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. पुलाच्या दुसऱ्या टोकाने मेरुरज्जूत परत शिरताच मात्र ते थोड्याच अंतरावर अडले. या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग म्हणावा लागेल.

हातापायांतल्या चेतेत तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या स्निग्ध आवरणाचा, कचरा हटवायला मदत करतात आणि वाढीला पोषक द्रव्ये देतात. मेरुरज्जूत तो कचरा दीर्घकाळ पडून राहतो, आणि त्यातली नोगो-ए सारखी प्रथिने तंतूच्या वाढत्या टोकाला आक्रसायला लावतात. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांचे या प्रथिनांवरचे काम पायाभूत आहे. इजेभोवती तारकापेशींचा, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचा, व्रण तयार होतो आणि तेथे काँड्रॉइटिन सल्फेट असलेली अडथळा आणणारी द्रव्ये साचतात. तरी व्रणाला सरसकट शत्रू समजणे चूक ठरेल: तो दाह पसरू देत नाही, आणि २०१६ च्या एका अभ्यासात तो काढून टाकूनही तंतू वाढले नाहीत.

परिसर सुधारला तरी प्रश्न उरतोच, कारण प्रौढ चेतापेशीची आतली वाढक्षमताही मंदावलेली असते. २०१० मध्ये उंदरांत पीटेन (PTEN) हे पेशीच्या वाढीला लगाम घालणारे जनुक बंद केल्यावर मेंदूतून येणारे तंतू इजेपलीकडे वाढले. माणसात मात्र असा सिद्ध उपचार अजून नाही. अपूर्ण इजेत, म्हणजे मेरुरज्जू पूर्ण तुटलेला नसताना, दिसणारी सुधारणा मुख्यतः शाबूत राहिलेल्या तंतूंमुळे होते. म्हणून व्यायामोपचार लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे. स्टेम सेलने तंतू जोडून देण्याच्या जाहिरातींना मात्र बळी पडू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेरुरज्जूच्या इजेत स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही.