जुन्या घराची धूळ: पाडकामात जे उडतं ते घरात आलं कधी

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत गंगावेशीपासून चालत पाच मिनिटांवर माझ्या मामांचं घर होतं. पुढं सोपा, मग माजघर, वर कडीपाटाची माडी आणि मागं परडं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ला पाणी ५५ च्याही वर गेलं तेव्हा ते उंबरा ओलांडून आत आलं, २०२१ला परत आलं, आणि भेंड्याच्या मातीच्या भिंती दोनदा भिजल्यावर टिकणार किती, मागची भिंत फुगली आणि शेवटी घर उतरवायचं ठरलं. पेठांमधून फिरलं की हल्ली दर दोन-चार गल्ल्यांआड असंच एखादं घर उतरवताना दिसतं, पहार, घण, घमेली, आणि गल्लीभर धूळ.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा दोन पोरं परड्यातल्या पडवीवर चढून सिमेंटचे पत्रे घणानं फोडत होती, तुकडे खाली पडत होते, आणि खाली एक बाई ते उघड्या हातानं घमेल्यात भरत होती, तोंडाला नुसता पदर. पत्र्याच्या फुटलेल्या कडेला जवळून बघितलं तर बारीक पांढरे केसासारखे तंतू बाहेर आलेले दिसत होते. मिस्त्रींना म्हटलं, अहो हे फोडू नका, ह्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. ते म्हणाले, "ताई, आजपर्यंत एवढं पत्रं फोडलं, कुणाला काय झालंय व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं, कारण अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसाचा जो आजार, कॅन्सर होतो तो २०-४० वर्षांनी होतो आणि तोवर कुठला पत्रा कुठल्या घराचा हे कुणाच्या लक्षात राहणार. म्हणूनच ह्या सगळ्याची पार्श्वभूमी लिहायला बसले.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, जुनं घर म्हणजे विषारी घर असं अजिबात नाही. मामांच्या घराचा मूळ भाग म्हणजे पांढरी माती, दगड, चुना, सागवान आणि कौल. भिंतीला चुना, त्यात थोडी नीळ, खाली शेणाचं सारवण. ह्या भागाची धूळ सुद्धा नाकातोंडात जाऊ नये हे खरंच, पण विष म्हणावं असं त्यात काही नव्हतं. विष आलं ते नंतर, आपण घराची "सुधारणा" केली तेव्हा, साधारण १९५० ते १९९० ह्या काळात, पत्रा, पाइप, ऑइल पेंट, वाळवीचं औषध अशा रूपानं. त्यामुळे घर पाडताना सगळ्यात जुन्या भागाला कमी आणि ह्या मधल्या थराला जास्त भ्यायला पाहिजे, आणि आपल्याकडं नेमकं उलटं होतं, मातीची भिंत कधी अंगावर येईल म्हणून सगळे जपून असतात आणि पत्रा मात्र बिनधास्त फोडतात.

पत्र्यापासून सुरू करू. त्याच्या आधी छपरावर नळीची कौलं होती, मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि तिथून ते कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. कौल चांगलंच, पण त्याला लाकूड भरपूर लागतं, पावसाच्या आधी शाकारणी करावी लागते, वानरं नाचली की फुटतं. सिमेंटच्या पत्र्याला ह्यातलं काहीच नको. दोन वासे टाका, हुक मारा, झालं, आणि लोखंडी पत्र्यासारखा गंजत नाही, तापतही कमी. पडवी, न्हाणी, संडास, गोठा, माडीवरची गच्ची झाकायला, सगळीकडं तोच. मामांच्या परड्यात तो १९७४च्या आसपास बसला, आजोबांनी हौसेनं बसवला होता.

हा पत्रा काढला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक ह्यानं. अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू सिमेंटमध्ये कालवून त्याचे कागदासारखे पातळ थर लाटायचे अशी ती पद्धत, पेटंट १९०१चं. तंतू साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सिमेंट, पण तेवढ्या तंतूंवरच पत्र्याची सगळी ताकद. भारतात १९३४ साली मध्य प्रदेशातल्या कैमूरला पहिला कारखाना निघाला, १९४६ साली हैदराबादची कंपनी निघाली, तिचा चारमिनार पत्रा अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. ज्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत बीकर तापवलाय त्यांना बर्नरवरची ती जाळी आठवेल, मधे पांढरा गोल असलेली, तोही अ‍ॅस्बेस्टॉसच.

आता मनाला लागणारी गोष्ट. हा पत्रा जन्माला यायच्या आधी, १८९८ साली, इंग्लंडमधल्या फॅक्टरी इन्स्पेक्टर लूसी डीन ह्यांनी सरकारी अहवालात लिहून ठेवलं होतं की ह्या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे धारदार दिसतात आणि कामगारांना त्याचा त्रास होतोय. १९२४ला रॉचडेल गावात नेली केर्शॉ ही अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी बाई वयाच्या ३३व्या वर्षी गेली, तिच्या फुप्फुसात डॉक्टरांना हेच कण सापडले. १९३१ला ब्रिटिश सरकारनं कारखान्यातल्या धुळीवर नियम केले. म्हणजे कैमूरचा कारखाना उभा राहिला तेव्हा ही सगळी माहिती छापून झाली होती.

आणि हे फक्त कारखान्यापुरतं नाही हे १९६० साली कळलं. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचे ३३ पेशंट मांडले, त्यात खाणीत कधीच काम न केलेले, नुसते खाणीच्या आसपास लहानाचे मोठे झालेले लोक होते. १९६५ला लंडनच्या न्यूहाउस आणि थॉम्प्सन ह्यांच्या अभ्यासात कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायका निघाल्या. मला त्या घमेलं भरणाऱ्या बाईंचा पदर आठवतो ते ह्याच्यामुळं. त्या संध्याकाळी तोच पदर घेऊन घरी जाणार, लेकराला जवळ घेणार.

१९७७ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सर करतात असं सांगितलं, निळा, तपकिरी आणि आपल्या पत्र्यातला पांढरा पण. ब्रिटननं निळा-तपकिरी १९८५ला आणि पांढरा १९९९ला बंद केला, युरोपनं २००५ला, अमेरिकेनं पांढऱ्यावर बंदीचा नियम २०२४ला काढला. पण पाडकामाचा वेगळा विचार अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधी झाला होता. १९७३च्या नियमात असं आलं की इमारत पाडायच्या आधी त्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस भिजवून वेगळं काढायचं, मग बाकीचं पाडायचं. ओलं करा आणि आधी काढा, सगळी पद्धत ह्या दोन गोष्टींवर उभी आहे.

आपल्याकडं काय झालं? १९८६पासून खाणीचे नवे परवाने देणं थांबलं, पण बाहेरून तंतू आणून पत्रे करणं चालूच राहिलं. २७ जानेवारी १९९५ला सुप्रीम कोर्टानं मोठा निकाल दिला, कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी कमीत कमी ४० वर्षं ठेवायला लावल्या. फार मोठी गोष्ट आहे ती. पण ती कारखान्यातल्या कामगाराची. घण मारणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार, त्याचा मालक दर आठवड्याला वेगळा. १९९६ला बांधकाम कामगारांचा कायदा आला, पाडकामही त्यात धरलं, पण तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता, आणि पेठेतलं घर उतरवायला टोळी असते चार-पाच जणांची. २०११ला बंदीची मागणी परत सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टानं बंदी घातली नाही. धोका घरात पोचला आणि कायदा दारातच थांबला, असं मला हे सगळं बघून वाटतं.

दुसरं विष रंगातलं, शिसं. मामांच्या दाराला खालपासून वरपर्यंत मोजले तर रंगाचे सात थर निघाले, सगळ्यात आत लाकडाला तेल, मग हिरवा, परत हिरवा, निळा, चॉकलेटी, असं करत. जुने पेंटर सफेदा जवसाच्या तेलात घोटून रंग करायचे, तो सफेदा म्हणजे शिशाचाच. लोखंडी गर्डरला लावायचा नारिंगी रंग शिशाचा, देवाच्या दगडाला लावतो तो शेंदूरही मुळात शिशाचाच. पिवळा, लाल, हिरवा असे गडद ऑइल पेंट असतील तर त्यात शिसं जास्त, कारण त्या रंगांची चमकच शिशाच्या क्रोमेटमधून यायची.

ह्याचाही इतिहास तसाच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गिब्सन डॉक्टरांनी १९०४ साली दाखवून दिलं की पोरांना शिशाची विषबाधा होतेय ती व्हरांड्याच्या कठड्याच्या रंगामुळं, पोरं कठड्याला धरतात आणि तेच हात तोंडात घालतात. आपल्या सोप्याच्या कठड्याला धरून उभं राहायला शिकलेलं प्रत्येक पोर डोळ्यासमोर आणा. क्वीन्सलँडमध्ये १९२२ला अशा रंगावर कायदा झाला. १९२१ला जिनिव्हात सफेद्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला, अमेरिकेनं घरगुती रंगातलं शिसं १९७८ला बंद केलं. भारतात नियम निघाला १ नोव्हेंबर २०१६ला आणि लागू झाला एका वर्षानं, घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको. म्हणजे २०१७च्या आधी लागलेल्या कुठल्याही ऑइल पेंटबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही, लॅबमध्ये तपासलं तरच कळणार. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं आणि ते मेंदूवर जातं.

ह्यातलं एक मला फार खुपतं ते म्हणजे जुनी दारं. वाड्याची दारं, खांब, तुळया ह्यांना हल्ली भाव आहे, हॉटेलवाले, फार्महाउसवाले घेतात, आणि घेतल्यावर पहिलं काम काय तर मशिननं घासून रंग उडवायचा नाहीतर ब्लो लॅम्पनं जाळायचा. घासलं की शिशाची धूळ, जाळलं की शिशाची वाफ. गर्डर गॅस कटरनं कापला तरी तेच. रंग काढायचाच तर पाणी मारून ओला खरवडावा, आणि त्या जागी पोरं आणि गरोदर बाई फिरकूही नये.

बाकीचं थोडक्यात. वाळवीसाठी लाकडात आणि घराच्या पायात अल्ड्रिनसारखी औषधं ओतलेली असायची, ती नव्वदच्या दशकात बंद झाली, पण लाकडात टिकून राहतात, म्हणून असलं लाकूड बंबात जाळू नये. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. आणि वीट, वाळू, काँक्रीट कोरडं फोडलं की सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या गारेची, फुप्फुसाला घातक धूळ उडते, उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना ती वेगळी सांगायला नको.

मामांच्या घरी मग दुसऱ्या दिवसापासून काम बदललं. मिस्त्रींशी भांडून नाही, सावलीत बसून चहा पिता पिता बोलून, मुंबईच्या मिलमधल्या एका नातेवाइकाचा दमा त्यांनी स्वतः बघितला होता, तिथून विषय निघाला. पत्र्यावर आधी पाइपनं हलका फवारा, पाण्यात थोडा साबण, म्हणजे पाणी नुसतं घसरून न जाता मुरतं. घण बंद. हुकचे जे नट गंजून धरलेले, ते कापले, आणि दोघांनी मिळून एकेक पत्रा अख्खा खाली दिला, फेकला नाही. तोंडाला साधा कापडी मास्क नाही, एन-९५ आणि तोही गालाला घट्ट बसलेला (खरं तर अ‍ॅस्बेस्टॉसला एन-९५ पुरेसा धरत नाहीत, त्याहून वरचा पी-१०० किंवा एफएफपी३ लागतो), कारण हे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात, पदरातून आणि रुमालातून आरपार जातात. खराटा बंद, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि फडकी पण पत्र्यांबरोबरच बांधली. कामाचे कपडे तिथंच काढून, भिजवून, वेगळे धुतले, घरी नेले नाहीत. एक दिवस जास्त लागला आणि मजुरी तेवढी वाढली, मामांनी ती कुरकुर न करता दिली.

खरमाती उचलायला ट्रॅक्टर आला, माती, दगड, विटा घेऊन गेला. पत्रे त्याला दिले नाहीत, कारण तो नेऊन कुठल्यातरी खड्ड्यात भर म्हणून टाकणार आणि वरून चाकं जाऊन त्याचा भुगा होणार. धोकादायक कचऱ्याची रीतसर जागा आहे ती रांजणगावला, पुण्याच्या पलीकडं, एका घराचे पत्रे तिथवर पोचवायची सोय मला अजून लागलेली नाही. तोवर अख्खे ३४ पत्रे आणि पोत्यात भरलेले पहिल्या दिवशीचे तुकडे जाड काळ्या प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून परड्याच्या कोपऱ्यात ठेवलेत. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले एकजण आले होते, म्हणाले, चांगले पत्रे आहेत, गोठ्याला द्या, पैसे देतो. मामांनी त्यांना सोप्याच्या जागी टाकलेल्या खुर्चीवर बसवलं, अर्धा तास सगळं सांगितलं, आणि नाही म्हणाले.