पाहुणे मोजले, घरचे राहिले

जानेवारीतल्या सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा किंवा कळंबा तलावावर दुर्बिणी घेतलेली चार माणसं दिसली, की समजावं पाणपक्ष्यांची मोजणी चाललीय. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून होते आणि ती जानेवारीतच, कारण उत्तरेकडून आलेली बदकं तेव्हा तलावांवर गोळा झालेली असतात. पण गायबगळे, रातबगळे, पाणकावळे आपल्याकडे घरटी बांधतात ती मृगाचा पाऊस पडल्यावर. हिवाळ्यात ते मोजले जातात, पण त्यांच्या किती जोड्यांनी, कुठल्या झाडावर पिल्लं वाढवली, ते त्या आकड्यात येत नाही. आणि पावसाळ्यात कोल्हापूरकराचं लक्ष असतं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याकडे. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. तेव्हा घरटी मोजायला सवड कुणाला?

एकाच झाडावर, बऱ्याचदा वेगवेगळ्या जातींनी शेजारी शेजारी केलेल्या अशा वस्तीला मराठीत सारंगागार म्हणतात. मारुती चितमपल्ली यांनी हा शब्द रुळवला. या वस्त्या राखायची रीत मात्र मोजणीपेक्षा बरीच जुनी. तमिळनाडूतल्या वेदांथंगलच्या गावकऱ्यांनी 1798 मध्ये इंग्रज कलेक्टरकडून कौल, म्हणजे लेखी हमी, मिळवला, की तळ्यावरच्या पक्ष्यांना कुणी मारायचं नाही. त्यात भूतदया किती होती देव जाणे. पक्ष्यांची विष्ठा मिसळलेलं तळ्याचं पाणी भाताला मानवतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बगळ्यांच्या जिवावर आला तो त्यांचा विणीचा साज. पाठीवरची झिरमिळीत पिसं विणीच्या दिवसांतच फुटतात आणि युरोपातल्या बायकांच्या टोप्यांना नेमकी तीच हवी असत. म्हणून शिकारी थेट घरट्यांपाशी जात. मोठे पक्षी मारले की पिल्लं आपोआप उपाशी मरत. 1902 मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली. चोरटा धंदा त्यानंतरही चालूच राहिला.

घरटी मोजून हिशेब ठेवायची पद्धत ब्रिटनमध्ये 1928 साली राखी बगळ्यापासून सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिथं या बगळ्याची निवड सोयीची होती. तो फेब्रुवारीतच घरट्याला लागतो, झाडं निष्पर्ण असतात, सूपभर आकाराचं घरटं लांबूनही दिसतं. आपल्याकडे सगळं उलट. वीण ऐन पावसात, चिंच-वडाला दाट पालवी, त्यात रातबगळ्याचं घरटं फांद्यांच्या पोटात दडलेलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरामागच्या चिंचेखाली पांढरा सडा पडला, माशांचा कुबट वास सुटला आणि एका सकाळी फिकट निळसर टरफल सापडलं, अंगठ्याएवढं. वर बघितलं तर विणीमुळे डोकं-मान नारिंगी झालेले गायबगळे. मोजायला बसलो. गच्चीवरून जितकी घरटी दिसली, त्याच्या निम्मीही खालून दिसेनात. म्हणूनच जाणकार दरवेळी ठरलेल्या जागी उभं राहून, दर आठ-पंधरा दिवसांनी आणि जातवार मोजतात. सगळ्या जोड्या काही एकाच दिवशी बसत नाहीत. एकीची पिल्लं उडायला आली, तरी दुसरी अजून काड्याच जमवत असते. एकाच फेरीत मोजलेला आकडा कमीच भरणार. शिवाय दिवस मावळताना झाडावर उतरणारे थवे बघून तिथं वीण आहे असं धरून चालत नाही. तो नुसता रातमुक्काम असू शकतो.

सगळ्यांचा हंगामही एक नाही. भिगवण-इंदापूरकडचे रंगीत करकोचे उन्हाळ्यात पिल्लं वाढवतात, राजस्थानातल्या भरतपूरला त्यांची वीण पावसाळ्याच्या शेवटाकडे सुरू होते. त्यामुळे अख्ख्या देशासाठी मोजणीचा एकच दिवस ठरवणं विणीच्या बाबतीत जमत नाही. जानेवारीच्या गणनेला ते जमलं आणि म्हणून ती रुजली, असं मला वाटतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटी-अंडी विस्कटणंही शिकारीतच धरलं आहे. पण आमच्याकडे फांद्यांची छाटणी होते ती पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या अखेरीस. तेव्हा झाडावर घरटं नसतं. मागच्या वर्षी किती होती, हे कुठं लिहिलेलं नसतं.