फोकल रिड्यूसर अ‍ॅडॉप्टर

फिल्म कॅमेऱ्यासाठी बनलेली जुनी लेन्स लहान सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्याला जोडताना दोघांच्या मध्ये बसवला जाणारा, आत भिंगे असलेला जोड म्हणजे फोकल रिड्यूसर अ‍ॅडॉप्टर. लेन्सने तयार केलेली प्रतिमा ही भिंगे आकसून सेन्सरवर पाडतात. त्यामुळे लेन्सची फोकल लेंथ कमी होते, चौकटीत जास्त दृश्य मावते आणि प्रतिमा अधिक उजळ होते. मेटाबोन्स कंपनीने आपल्या उत्पादनाला दिलेले ‘स्पीड बूस्टर’ हे नाव छायाचित्रकारांच्या बोलण्यात या सगळ्याच जोडांसाठी सर्रास वापरले जाते.

गरज कशातून निर्माण झाली

35 मिमी फिल्मची चौकट 36 × 24 मिमी असते. तिचे कोपरेही व्यापले जावेत म्हणून त्या काळच्या लेन्स सुमारे 43 मिमी व्यासाचे प्रतिमावर्तुळ पाडतात. लहान सेन्सरच्या दोन रूढ आकारांपैकी एपीएस-सी साधारण 23.5 × 15.6 मिमीचा, तर मायक्रो फोर थर्ड्सचा 17.3 × 13 मिमीचा. साध्या, म्हणजे आत काच नसलेल्या अ‍ॅडॉप्टरने जुनी लेन्स लावली की या वर्तुळाचा फक्त मधला भाग वापरला जातो आणि बाकीचा प्रकाश सेन्सरच्या बाहेर पडून फुकट जातो. एपीएस-सीवर 50 मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरच्या 75 मिमी लेन्सइतकेच दृश्य दाखवते. 28 मिमीची लेन्स 42 मिमीसारखी होते, म्हणजे वाइड लेन्सचा वाइडपणाच जातो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जुन्या लेन्सचा स्वभाव बहुधा चौकटीच्या कडांना दिसतो. सोव्हिएत हेलिओस 44-2 ही 58 मिमी एफ/2 लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) कार्ल झाइसच्या बायोटार रचनेवर बेतलेली आहे. पार्श्वभूमीतली पाने गोल फिरल्यासारखी दिसणाऱ्या तिच्या बोकेसाठी, म्हणजे फोकसबाहेरच्या भागाच्या धूसरपणासाठी, ती ओळखली जाते. हा भोवरा मध्यापासून दूर, कडांकडे तयार होतो. साध्या अ‍ॅडॉप्टरने एपीएस-सीवर लावल्यास नेमक्या त्याच कडा कापल्या जातात आणि हाती उरते ती बऱ्यापैकी सामान्य पोर्ट्रेट लेन्स. अशी लेन्स केवळ तिच्या चित्रासाठी घेतली असेल, तर रिड्यूसर ही चैन राहत नाही, ती गरज ठरते.

कार्य

टेलिकन्व्हर्टर हा लेन्समागे लावायचा भिंगांचा जोड प्रतिमा मोठी करतो आणि त्याच्या बदल्यात प्रकाश घालवतो. रिड्यूसर नेमके उलटे करतो. त्याचा भिंगसंच एकूण परिणामाने बहिर्वक्र असतो. लेन्समधून येणारे, आधीच एकवटत चाललेले किरण तो आणखी लवकर एकत्र आणतो. प्रतिमा लहान होते आणि लेन्सच्या जवळही येते.

आकड्यांत हे चटकन लक्षात येते. एम42 या जुन्या, आट्यांच्या माउंटमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला बसवण्याच्या रचनेत) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर 45.46 मिमी असते, सोनी ई माउंटमध्ये तेच 18 मिमी. साध्या अ‍ॅडॉप्टरची जाडी या दोहोंच्या फरकाइतकी, म्हणजे 27.46 मिमी असावी लागते. आता मूळ प्रतिमा जिथे पडली असती तिथून 35 मिमी अलीकडे सुमारे 87.5 मिमी फोकल लेंथचे एक पातळ भिंग आहे, असे धरू. त्याच्यामागे प्रतिमा 35 ऐवजी 25 मिमीवरच पडेल. 25 भागिले 35 म्हणजे सुमारे 0.71, आणि बाजारात सर्वाधिक चालणारे गुणोत्तर हेच आहे. प्रतिमा 10 मिमी पुढे आल्याने अ‍ॅडॉप्टरही तेवढाच पातळ, सुमारे 17.5 मिमीचा होतो. प्रत्यक्षातल्या जोडांत एका भिंगाऐवजी चार-पाच भिंगे असतात, पण हिशेब याच वळणाचा.

0.71 हे गुणोत्तर पसंतीचे होण्यामागे सरळ कारण आहे. 0.71 चा वर्ग जवळजवळ 0.5 येतो. तोच प्रकाश निम्म्या क्षेत्रफळावर पडला की प्रतिमेची उजळता दुप्पट होते, म्हणजे बरोबर एक स्टॉप मिळतो. 50 मिमी एफ/1.4 लेन्स 35.5 मिमी एफ/1.0 होते, 58 मिमी एफ/2 लेन्स सुमारे 41 मिमी एफ/1.4 होते. सेन्सर फुल फ्रेमहून किती पट लहान आहे हे सांगणारा क्रॉप फॅक्टर एपीएस-सीवर 1.5 वरून 1.07 वर येतो, मायक्रो फोर थर्ड्सवर 2 वरून 1.42 वर. मायक्रो फोर थर्ड्ससाठी 0.64 पटीचे जोडही आहेत. त्यांत सव्वा स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश मिळतो.

हा प्रकाश नव्याने निर्माण होत नाही. भिंगाने कागदावर ऊन एकवटावे तसा, एरवी सेन्सरबाहेर सांडणारा प्रकाश आत गोळा केला जातो. लेन्सचे छिद्र तेवढेच राहते. एफ/1.0 हा आकडा ऐकून कुणी फुल फ्रेमवरच्या एफ/1.0 लेन्ससारख्या उथळ फोकसची अपेक्षा ठेवली, तर निराशा होईल. एपीएस-सीवर रिड्यूसरसह 50 मिमी एफ/1.4 लेन्स साधारण तेच चित्र देते, जे ती फुल फ्रेमवर एकटी देते. लेन्सला तिची मूळ चौकट परत मिळते, आणि माझ्या मते हेच या जोडाचे खरे मोल आहे. प्रकाशाचा वाढीव स्टॉप जाहिरातीत पुढे असतो, पण जुन्या लेन्सच्या प्रेमींना हवी असते ती चौकट.

आधीचे प्रयोग

कल्पना मिररलेस कॅमेऱ्यांहून जुनी आहे. खगोल छायाचित्रणात एफ/10 च्या श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीला 0.63 पटीचा रिड्यूसर लावून ती एफ/6.3 वर आणण्याची पद्धत रूढ आहे. अंधूक तेजोमेघ टिपायला एक्स्पोजर कमी लागते. 1990 च्या दशकाच्या मध्यात निकॉन आणि फुजी यांनी मिळून बनवलेल्या निकॉन ई2 या डिजिटल एसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) अशी भिंगे कॅमेऱ्याच्या आतच होती. दोन-तृतीयांश इंचाच्या इवल्याशा सेन्सरवर 35 मिमी लेन्सचे पूर्ण दृश्य त्यांनी बसवले, मात्र त्यामुळे लेन्सचे परिणामी छिद्र एफ/6.7 पेक्षा मोठे होऊ शकत नसे आणि कॅमेऱ्याचे धूडही मोठे झाले.

नेहमीच्या आकाराच्या आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये भिंगे घालायला जागाच नसते. मिररलेसने आरसा काढला आणि ती जागा मोकळी झाली. जानेवारी 2013 मध्ये मेटाबोन्सने ब्रायन कॉल्डवेल यांच्या प्रकाशीय रचनेवर आधारलेला 0.71 पटीचा स्पीड बूस्टर जाहीर केला. त्यानंतर झोंगयीचा लेन्स टर्बो आणि व्हिल्ट्रॉक्सचे जोड आले आणि ही सोय हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आली.

काचेचा दर्जा

प्रतिमा आकसते तेव्हा लेन्सचे दोषही त्याच प्रमाणात आकसतात, म्हणून चौकटीच्या मध्यभागी चित्र साध्या अ‍ॅडॉप्टरपेक्षा अधिक रेखीव दिसू शकते. कोपऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे लेन्सचा आजवर कापला जाणारा कमकुवत भाग चौकटीत येतो आणि त्यात रिड्यूसरच्या स्वतःच्या उणिवांची भर पडते. सेन्सरपुढच्या फिल्टर-काचेचाही वाटा असतो. मायक्रो फोर थर्ड्समध्ये ही काच सुमारे 4 मिमी जाड असते, आणि फिल्मच्या काळातल्या लेन्स अशी काच गृहीत धरून बनलेल्याच नव्हत्या. चांगल्या रिड्यूसरची रचना ही जाडी हिशेबात घेऊन केलेली असते. स्वस्त जोडात तिकडे दुर्लक्ष झाले की कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

छिद्राला वरची मर्यादाही असते. पहिल्या स्पीड बूस्टरची कमाल एफ/0.90 होती, म्हणजे एफ/1.26 पेक्षा वेगवान लेन्सचा जादा प्रकाश त्यात वाया जाई. काही जोडांत, छिद्र लहान ठेवून उजेडाच्या दिशेने चित्र घेतल्यास मधोमध निळसर ठिपका उमटतो. सेन्सरवरून परतलेला प्रकाश रिड्यूसरच्या काचेवरून पुन्हा परावर्तित झाल्याचा हा परिणाम. छिद्र थोडे मोठे केले किंवा कॅमेऱ्याचा कोन बदलला की तो बहुतेकदा जातो. लेन्स पूर्ण उघडी ठेवण्याचा हट्ट सोडून एक स्टॉप बंद केली, तर चित्र बरेच सुधारते आणि रिड्यूसरने दिलेला स्टॉप शिल्लक असल्याने उजेडाचा तोटाही होत नाही.

कोणती लेन्स बसते

रिड्यूसर फक्त एसएलआर आणि त्याहून मोठ्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सनाच चालतो. आरसा नसलेल्या लायका एम फिल्म कॅमेऱ्यांच्या माउंटचे अंतर 27.8 मिमी आहे. त्यातून सोनी ईचे 18 मिमी वजा केले तर पावणेदहा-दहा मिमीच जागा उरते, आणि प्रतिमा पुढे आल्यावर तीही जवळजवळ संपते. निकॉन एफ (46.5 मिमी), ऑलिम्पस ओएम (46 मिमी), मिनोल्टा एसआर (43.5 मिमी), कॅनन एफडी (42 मिमी) यांत अडचण नसते.

माउंट जुळले तरी लेन्सची मागची बाजू पाहूनच ती लावावी. काही लेन्सचे शेवटचे भिंग किंवा त्याभोवतीचे धातूचे कडे, फोकस अनंतावर नेताना मागे सरकते आणि रिड्यूसरच्या काचेला टेकू शकते. पहिल्यांदा लेन्स चढवताना फोकस सर्वांत जवळच्या अंतरावर ठेवून कडी हळूहळू अनंताकडे फिरवावी आणि जराही अडखळल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे. जोर लावला तर दोन्ही काचांवर ओरखडा येतो. एम42 लेन्समध्ये छिद्र मिटवणारी पिन दाबली जाईल असा काठ जोडात आहे का, आणि एफडीसाठी छिद्राचा खटका सरकवणारी कडी आहे का, तेही तपासावे.

अनंताचा फोकस जुळवणे हा नाजूक भाग आहे. बहुतेक जोडांत भिंगसंच आट्यांवर बसवून बारीक स्क्रूने आवळलेला असतो. दूरचा मनोरा किंवा तारा पडद्यावर मोठा करून पाहावा. लेन्स अनंताच्या खुणेवर असूनही तो धूसर असेल, तर स्क्रू सैल करून भिंगसंच गरजेप्रमाणे किंचित सेन्सरकडे किंवा लेन्सकडे फिरवावा. 0.71 पटीला भिंग 0.1 मिमी सरकले तर प्रतिमेची जागा साधारण 0.05 मिमी चुकते. एफ/1.0 वर एवढ्याने ठिपका 0.05 मिमीचा होतो, म्हणजे 4 मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये मोजले तर बारा पिक्सेल रुंद. एफ/8 वर हीच चूक दिसतही नाही, म्हणून जुळवणी नेहमी छिद्र पूर्ण उघडूनच करावी.

वापर

जुन्या लेन्सशी कॅमेऱ्याचा विद्युत संपर्क नसतो, म्हणून मेनूमध्ये लेन्सविना शटर चालवण्याची परवानगी द्यावी लागते. छिद्र लेन्सच्या कडीवर ठरवायचे, शटरची गती कॅमेरा ठरवतो. कडीवर 8 लिहिले असेल तर प्रत्यक्ष एफ/5.6 मिळत असतो. मीटर प्रत्यक्ष प्रकाश मोजत असल्याने एक्स्पोजर चुकत नाही. फोकस पीकिंगपेक्षा (पडद्यावर फोकसमधल्या कडा रंगीत रेषांनी दाखवण्याच्या सोयीपेक्षा) दृश्य मोठे करून साधलेला फोकस जास्त भरवशाचा, कारण उघड्या छिद्राला जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट कमी असतो आणि पीकिंगच्या रेषा फसवतात. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंथ हाताने भरताना लेन्सवरचा आकडा भरू नये. 50 मिमीसाठी 35 भरावे, नाहीतर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलून चित्र उलट अस्थिर होते. जवळच्या फोकसचे अंतर तेच राहते, पण वस्तू 0.71 पट लहान दिसते. मॅक्रोसाठी साधा अ‍ॅडॉप्टरच बरा.

2013 च्या अखेरीस सोनीची अल्फा 7 मालिका आल्यापासून फुल फ्रेम मिररलेस रुळले आणि अशा कॅमेऱ्यावर 35 मिमी लेन्सना रिड्यूसर लागत नाही. एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स वापरणाऱ्यांसाठी त्याचे महत्त्व टिकून आहे. फुल फ्रेमवर हेच तत्त्व मध्यम आकाराच्या फिल्मच्या लेन्ससाठी वापरले जाते. किपॉनच्या बेव्हआइज मालिकेतले 0.7 पटीचे जोड हॅसलब्लाड आणि पेंटाकॉन सिक्सच्या लेन्स घेतात, आणि त्यांवर 80 मिमी एफ/2.8 लेन्स 56 मिमी एफ/2 होते.