काऑरची वाइन खरंच ‘काळी’ असते का?

नैऋत्य फ्रान्समधल्या काऑरच्या रेड वाइनबद्दल एक समज फार जुना आहे: ही ‘काळी वाइन’, शाईसारखी गडद, तोंड तुरट करणारी, दहा वर्षं ठेवल्याशिवाय पिण्याजोगी नाही.

अगदीच खोटं नाही, पण शिळं आहे. पूर्वी इथे द्राक्षरसाचा काही भाग चक्क आटवत. रंग दाट होई, लांबच्या प्रवासात वाइन टिके आणि बोर्दोचे व्यापारी ती आपल्या फिकट वाइनमध्ये मिसळत. म्हणजे तो काळेपणा बराचसा चुलीवरचा! पुढे फेब्रुवारी १९५६ च्या हिमकडाक्यात बहुतेक वेली मेल्या. १९७१ मध्ये अधिकृत दर्जा (ठरावीक प्रदेशातल्या, ठरावीक नियमांनी केलेल्या वाइनला मिळणारी सरकारी मान्यता) मिळाला तो मुख्यतः नव्याने लावलेल्या मळ्यांना. या वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक जातीचं द्राक्ष हवं, उरलेलं मेर्लो किंवा ताना या जातींचं.

लॉत नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवरची वाइन बऱ्याचदा मऊ, फळांच्या चवीची असते. दोन-तीन वर्षांतच खुशाल उघडा. वरच्या चुनखडीच्या पठारावरची मात्र ताठर, ती थांबायला लावते. ग्लास तिरका धरा, कडेला जांभळी झाक दिसेल.

आणि हो, माल्बेक मूळचं अर्जेंटिनाचं नव्हे. ते १८५३ च्या सुमारास फ्रान्समधूनच तिकडे गेलं.