प्लॅन सेंटिनेला वेगळा, सालाझारचा हुकूम वेगळा

दर 19 डिसेंबरला गोवा मुक्तीवरच्या लेखांत एक वाक्य हमखास येतं: 'शेवटच्या सैनिकापर्यंत लढायची पोर्तुगीजांची योजना फसली.' अशी योजना नव्हतीच. ऑपरेशन विजय, म्हणजे गोवा मुक्त करणारी भारताची लष्करी कारवाई, सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही.

प्लॅन सेंटिनेला ही गोव्याच्या बचावाची योजना, पोर्तुगीज लष्कराने आखलेली. उत्तर, मध्य, दक्षिण आणि मुरगाव असे चार विभाग. हातात जेमतेम तीन-साडेतीन हजार माणसं, त्यामुळे सीमा राखायचा विचारच नव्हता. वाटेत शत्रूचा वेळ खायचा, पूल उडवत मागे सरकायचं आणि अखेर मुरगावला एकवटायचं. म्हणजे ही माघारीची योजना.

हुकूम लिस्बनचा, 14 डिसेंबर 1961 चा. पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तारेने कळवलं की किमान आठ दिवस टिकाव धरा. शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. हे आठ दिवस त्याला परदेशांत दाद मागायला हवे होते. रणांगणावर ते कसे मिळणार, याचं उत्तर त्या तारेत नाही.

गल्लत होते ती इथे: वेळ काढणं दोन्हीकडे आहे. पण सेंटिनेलात माणसं वाचवून मागे आणायची होती, हुकुमाला ती मेलेली चालणार होती. 18 डिसेंबरच्या पहाटे डिचोली, कोलवाळ, अस्नोडा इथले पूल उडाले, ते 'सालाझारचं दग्धभू धोरण' (शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सगळं उद्ध्वस्त करणं) म्हणून छापलं जातं तेव्हा मला खरोखर संताप येतो. पूल उडवणं हा आधीच ठरलेल्या माघारीचा भाग होता. लिस्बनला पाडायच्या होत्या त्या पणजीच्या आदिलशाही राजवाड्यासारख्या वास्तू, आणि ते वासालो यांनी केलं नाही. राजवाडा आजही मांडवीकाठी उभा आहे.

सेंटिनेला चांगला होता असं माझं म्हणणं नाही. सुरुंग अपुरे, विमानविरोधी संरक्षण नावालाच, आणि बांबोळीचं रेडिओ केंद्र पहिल्याच दिवशी बाँबहल्ल्यात गेल्यावर विखुरलेल्या तुकड्यांना माघारीचे आदेश पोचवणंही अवघड. पण त्याचा दोष या कारणांवरून काढा, सालाझारच्या तारेवरून नको.

वासालो यांनी 19 तारखेला संध्याकाळी शरणागती पत्करली. 1963 मध्ये त्यांना सैन्यातून काढलं, ते योजना फसली म्हणून नव्हे, हुकूम मोडला म्हणून. पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर त्यांना हुद्दा परत मिळाला.