पट्ट्यांच्या फटीतला गंधार: लेबननच्या पियानो-संगीताची पार्श्वभूमी

लेबनीज संगीतकारांच्या पियानो-रचनांचा विषय निघाला की ‘पूर्व-पश्चिम संगम’ हे शब्द हमखास येतात आणि खरा पेच त्यांच्याआड दडतो. पेच एका सुराचा आहे. रास्त या अरबी मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) तिसरा सूर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या साधारण मधोमध बसतो. पियानोवर त्या जागी पट्टीच नाही.

बैरूतमध्ये पियानो रुळला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांतून. त्याच काळात लेबनॉन डोंगरातल्या मिखाईल मिशाका यांनी सप्तकाचे 24 समान भाग सांगणारा ग्रंथ लिहिला. एका अमेरिकन मिशनऱ्याने त्याचे केलेले इंग्रजी भाषांतर 1840च्या दशकाच्या अखेरीस छापले गेले आणि ‘पाव स्वर’ हा शब्द जगभर गेला.

हा शब्दच घोटाळ्याचा आहे. पाव स्वर म्हणजे 50 सेंट (सेंट हे स्वरांतराचे माप, सप्तकात 1200), अर्ध्या स्वराचा निम्मा. पण अरबी गवई पावापावाच्या पायऱ्या चढत गात नाही. प्रत्यक्षात लागते ते साधारण पाऊण स्वराचे, म्हणजे 150 सेंटच्या आसपासचे अंतर: बयाती या मकामात पहिल्या सुरापासून दुसऱ्यापर्यंत, रास्तमध्ये दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत. ते अंतरही ठरीव नाही. गावागणिक, मकामागणिक, गळ्यागणिक ते थोडे वरखाली होते. ‘24 सूर’ ही मोजणाऱ्याची सोय होती. वाद्य बनवणाऱ्यांनी तिलाच सत्य मानले आणि पट्ट्या वाढवायच्या मागे लागले. आपल्याकडे 22 श्रुतींची पेटी करणाऱ्यांची गत आठवावी.

1932 मध्ये कैरोत भरलेल्या अरबी संगीत परिषदेत हा वाद उघड्यावर आला. पाव स्वरांचे पियानो तिथे मांडले गेले. पियानो नको, त्याने मकाम बिघडतील, असे बजावणारे बरेचसे युरोपीय विद्वान होते आणि प्रगतीसाठी पियानो हवाच म्हणणारे बरेचसे इजिप्शियन. परिषदेला बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकार आले होते, तसे बैरूतहून वदीअ सबराही. सबरा पॅरिसमध्ये शिकलेले. 1927 मध्ये स्वीकारलेल्या लेबननच्या राष्ट्रगीताची चाल त्यांची, आणि त्यांनी काढलेली संगीतशाळाच पुढे राष्ट्रीय संस्था झाली. स्वरसप्तकाची नवी मांडणी हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. वाद मात्र मिटला नाही. आपल्याकडेही आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी 1971 मध्ये सैल झाली, पण मींडेवरचा, म्हणजे पेटीला न जमणाऱ्या सुरावरून सुरावर घसरण्यावरचा, वाद तरी कुठे संपला?

पन्नाशीच्या दशकात बैरूतच्या एका पियानो-जुळाऱ्याने, अब्दल्ला शाहीन यांनी, व्हिएन्नात वेगळाच पियानो घडवून घेतला. दिसायला नेहमीसारखा, पण हवा तेव्हा पाव स्वर देणारा. कारागिरी म्हणून तो अजोड होता, पण कारखान्यातून त्याच्या रांगा कधी बाहेर पडल्या नाहीत.

बाकीच्या संगीतकारांनी साध्याच पियानोवर लिहिले, आणि माझ्या मते या संगीताची खरी गोष्ट इथे आहे. काही मकामांना फटीतला सूर लागतच नाही. अजम आपल्या बिलावलाजवळचा, कुर्द भैरवीजवळचा. नहावंद पाश्चात्त्य मायनरसारखा. हिजाजचे पूर्वांग भैरवासारखे. हे चारही पट्ट्यांत मावतात, म्हणून पियानोवर तेच पुन्हापुन्हा येतात. त्यातही हिजाजची रिषभ-गंधारातली लांब उडी कानावर पडली की परका श्रोता लगेच ‘अरबी!’ म्हणतो. रास्त आणि बयाती, जे घरोघर गायले जातात, ते मागे राहिले. ही निवड कानाने केली नाही, वाद्याने केली.

सायप्रसमध्ये जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले अनीस फुलैहान 1950च्या दशकात बैरूतच्या संगीतसंस्थेचे प्रमुख झाले. तौफीक सुक्कर यांनी पाव स्वरांना सुरावळीतच न ठेवता सुसंवादात, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या मेळात, बसवण्याचा प्रयत्न केला. बोगोस जेलालियन आर्मेनियन. बैरूतच्या पियानो-शिक्षणात आर्मेनियन घरांचा वाटा मोठा होता, तो एरवी क्वचितच सांगितला जातो.

मग 1975 ते 1990 यादवी. 1978 मध्ये बैरूतच्या 19 वर्षांच्या पियानोवादकाने ब्रुसेल्सची मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा घरी युद्ध चालू होते. संगीतकार बशारा अल-खूरी 1979 पासून पॅरिसमध्ये, हुताफ खूरी कीवमध्ये शिकलेले. त्यामुळे या देशाचे बरेचसे पियानो-संगीत देशाबाहेर लिहिले वा वाजवले गेले. 2000 मध्ये सरकारी वाद्यवृंद उभा राहिला खरा, पण त्यात पूर्व युरोपातून आणलेले वादक पुष्कळ. 2019 नंतर लेबनीज पाउंड कोसळला तेव्हा त्यांतले बरेच परतले.

तो अडलेला सूर मात्र तोवर दुसरीकडून आला होता. अरब बाजारासाठी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर आता बटण असते: दाबले की निवडलेला सूर पाव स्वराने उतरतो. लग्नाच्या हॉलमधला वादक एका बोटाने रास्त लावतो. मैफलीतला मोठा पियानो अजून बारा सुरांतच जुळवला जातो.