पुठ्ठ्याचा डोंगर आणि मधाचा पट्टा

नकाशांविषयीच्या बातम्यांत ‘उपग्रहाच्या नजरेतून आता काहीही सुटत नाही’ हे वाक्य हटकून वाचायला मिळते. केनियातील माऊ जंगलाच्या उपग्रहचित्रात झाडी दिसते, परंतु कोणत्या उतारावर कोणत्या कुळाने, म्हणजे वंशगटाने, मध काढायचा हे काही दिसत नाही. तेथील ओगिएक समाजात कुळांच्या जमिनी परंपरेने डोंगराच्या पायथ्याकडून माथ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यांत वाटलेल्या असत, कारण उंचीप्रमाणे फुलोऱ्याचा काळ बदलतो आणि मधाचा हंगामही त्याच्यामागोमाग सरकतो. सपाट कागदावर नेमकी ही उंचीच हरवते. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून ती वाचता येते खरी, पण ज्यांनी भूगोलाचे धडे गिरवले आहेत त्यांनाच.

म्हणून २००६ साली नेसुइट येथे पूर्व माऊच्या सुमारे ५७६ चौरस किलोमीटर प्रदेशाची १:१०,००० प्रमाणातील त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्यात आली. तिचा कोरा डोंगर शाळकरी मुलांनी रचला. या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. त्यामुळे समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर धरले, तर प्रत्येक थराचा पुठ्ठा बरोबर २ मिलिमीटर जाडीचा हवा. एकेक रेषा पुठ्ठ्यावर गिरवायची, तिच्या कडेने कापायचे आणि थरावर थर चिकटवायचा. रेषा जिथे दाटीने येतात तिथे कडा उभा राहतो, हे मुलांना पाठ करावे लागत नाही. ते त्यांच्या बोटांनाच कळते.

त्यानंतर वडीलधारी मंडळी त्यावर ठिकाणांसाठी टाचण्या, नद्या-वाटांसाठी लोकरीचे धागे आणि जंगल-कुरणांसाठी रंग वापरतात. ओगिएक वृद्धांनी १९२५ च्या सुमाराचा प्रदेश आठवून मांडला. मुलांनी कधीच न पाहिलेले ते जंगल होते.

ही माहिती संगणकावर नेण्यासाठी प्रतिकृतीची वरून छायाचित्रे घेतात, तेव्हा मात्र एक अडचण येते. कॅमेरा तळापासून ३ मीटर उंचीवर असेल आणि त्याच्या खालच्या बिंदूपासून १ मीटर दूर १० सेंटिमीटर उंचीचे शिखर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने ते छायाचित्रात सुमारे साडेतीन सेंटिमीटर बाहेर सरकलेले दिसते, म्हणजे जमिनीवर जवळपास साडेतीनशे मीटर. तेवढ्याने एखाद्या कुळाचा मधाचा पट्टा शेजाऱ्यांच्या हद्दीत जाऊ शकतो. त्यामुळे प्रतिकृतीवर दोऱ्यांच्या चौकटी ताणून तिच्या लहान लहान भागांची छायाचित्रे थेट वरून घ्यावी लागतात.